हजीरजामीन, मालजामीन आणि येरवड्याचं फाटक

"ताई, तुम्ही जामीन राहता का?"

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात भाजीची पिशवी होती, दुसऱ्यात किल्ल्या. 'जामीन' हा शब्द ऐकून पोटात गोळा आला. आमच्या घरात या शब्दाला वाईट इतिहास आहे. बाबा एका मित्राच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन राहिले होते, मित्र हप्ते भरायचा थांबला आणि बाबांच्या पगारातून दोन वर्षं कपात होत राहिली. तेव्हापासून घरातला नियम ठरला, कुणालाही, सख्ख्या भावालासुद्धा, जामीन राहायचं नाही.

पण काकांना कर्ज नको होतं. त्यांचा बावीस वर्षांचा भाचा नांदेडकडच्या मुखेडहून आलेला, वाघोलीकडे सेंट्रिंगच्या कामावर. त्याने कुणाकडून तरी तीन हजारांत जुना मोबाइल घेतला आणि तो चोरीचा निघाला. पोलिसांनी उचललं, दोन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, म्हणजे येरवडा. अकराव्या दिवशी कोर्टाने जामीन मंजूर केला. "मग सुटला की," मी म्हणाले. काका म्हणाले, "नाही ना ताई. जामीन झाला, पण जामीनदार नाही."

या एका वाक्यात सगळा घोळ आहे. जामीन होणं आणि सुटका होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी नंतर वकील मैत्रिणीला पिडून, कायदे उघडून आणि दोनदा कोर्टाच्या पायऱ्या झिजवून जे समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे.

आधी शब्द

पेशवाईतल्या कागदपत्रांत जामिनाचे निरनिराळे प्रकार सापडतात. 'हजीरजामीन' म्हणजे हा माणूस बोलावल्यावर हजर होईल अशी हमी. 'मालजामीन' म्हणजे पैसे बुडाले तर मी भरीन अशी हमी. चांगल्या वर्तनाची हमी देणारा 'फैलजामीन' वेगळा. आपण आज तिन्हींना एकच शब्द वापरतो, म्हणून पतसंस्थेतला जामीन आणि कोर्टातला जामीन मनात एकमेकांत मिसळतात.

फौजदारी कोर्टातला जामीन मुळात हजीरजामीन आहे. आरोपी अजून दोषी ठरलेला नाही, खटला चालायचा आहे. तोवर त्याला घरी राहू द्यायचं आणि तो तारखेला येईल याची व्यवस्था करायची, इतकाच त्याचा अर्थ. आत ठेवायला सबळ कारणं साधारण तीनच: तो पळून जाईल, साक्षीदारांना दमदाटी करील किंवा पुरावा नासवेल, किंवा बाहेर येऊन पुन्हा गुन्हा करील. 'त्याला अद्दल घडली पाहिजे' हे कारण या यादीत बसत नाही. अद्दल निकालानंतर.

पुणेकरांना हे पटवणं २०२४च्या मे महिन्यानंतर अवघड झालं आहे. कल्याणीनगरच्या पोर्श अपघातात दोन तरुण इंजिनिअर गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला, अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. सगळं शहर पेटलं. तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवण्यात आलं, आणि २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते डांबणं बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात द्यायला सांगितलं. निबंधाची अट हास्यास्पद होतीच. पण लोकांना राग आला तो 'एवढीच शिक्षा?' म्हणून, आणि तो निबंध शिक्षा नव्हताच. अल्पवयीनांच्या कायद्यात जामीन देण्याकडेच कल ठेवलेला आहे. खरी काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळी होती: ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप. पुराव्याशी खेळ हे जामीन नाकारण्याचं कायद्यातलं अगदी अस्सल कारण. त्या आरोपाखाली अटक झालेले मोठे लोक दीर्घकाळ आत राहिले, त्यावर चर्चा फारशी झाली नाही.

'अजामीनपात्र' हाही फसवा शब्द. ऐकणाऱ्याला वाटतं की जामीन मिळणारच नाही. प्रत्यक्षात अर्थ एवढाच की जामीन हक्काने मागता येत नाही, न्यायाधीश परिस्थिती बघून ठरवतात. जामीनपात्र गुन्ह्यात मात्र तो हक्क आहे, पोलीस ठाण्यातूनसुद्धा सुटता येतं. चोरीचा माल बाळगणं अजामीनपात्र आहे, कमाल शिक्षा तीन वर्षं. तरी भाच्याला जामीन झालाच.

अटकच झाली नसती तर

थोडं मागे जाऊ. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. पोलिसांनी आधी नोटीस द्यायची, 'अमुक दिवशी चौकशीला हजर राहा.' तो आला, सहकार्य केलं, तर अटक करायची नाही. करायचीच असेल तर कारणं लिहायची, आणि मॅजिस्ट्रेटनेही ती कारणं वाचल्याशिवाय कोठडी द्यायची नाही. १ जुलै २०२४पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात ही नोटीस कलम ३५मध्ये आहे. साठीच्या पुढच्या किंवा अपंग, आजारी माणसाला तीन वर्षांच्या आतल्या गुन्ह्यात अटक करायची तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, हेही नवं.

कोठडीला पर्याय काय, असं कुणी विचारलं की आपल्या डोळ्यांसमोर पायात घालायचं जीपीएसचं कडं येतं. सगळ्यात स्वस्त पर्याय हा एक पानाचा कागद आहे आणि तो दहा वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे आहे. भाच्याला ती नोटीस का मिळाली नाही? तपास अधिकाऱ्याने कारण लिहिलं होतं: 'आरोपीचा कायमस्वरूपी पत्ता पुण्यात नाही.' पत्रे ठोकून केलेल्या लेबर कॅम्पला पत्ता कुठून असणार?

सातबारा कुठला?

आता मूळ अडचणीकडे. आदेश असा होता: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेलं, 'तारखेला आलो नाही तर एवढी रक्कम भरीन.' याला कोर्टाच्या आवारात पीआर बाँड म्हणतात. त्याला त्या क्षणी खिशातून काही द्यावं लागत नाही. जामीनदार म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तीच हमी द्यायची, आणि आपली ऐपत कागदावर दाखवायची: सातबारा, मिळकतकराची पावती, पगारपत्रक, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. सोबत आधार, रेशनकार्ड, फोटो. मग पडताळणी.

भाच्याचा बाप सातबारा घेऊन मुखेडहून आला होता. रात्रभर ट्रॅव्हल्समधून प्रवास करून. दोन एकर कोरडवाहू, तिघा भावांत सामाईक. त्याला सांगितलं गेलं, "नांदेडचा नको, इथला आणा." तो बिचारा दोन दिवस कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून परत गेला. मुलाला येरवड्याच्या कँटीनमधून साबण-बिस्किट घेता यावं म्हणून पाचशे रुपयांची मनीऑर्डर करून गेला, एवढंच त्याच्या हातात होतं.

हा किस्सा मला नवा होता, न्यायव्यवस्थेला अजिबात नाही. १९७८मध्ये मोतीराम नावाचा एक गवंडी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटने त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढे आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात अक्षरशः झोडपलं आहे. भारतात जिल्हा बदलला म्हणून माणूस परका होतो का, असा त्यांचा सूर. मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्यात आलं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं होत आली. मोतीराम गवंडी होता आणि आमचा भाचा सेंट्रिंगवाला, म्हणजे धंदासुद्धा बदलला नाही.

पुण्यात ही अट जास्तच विचित्र होते. या शहरात कितीतरी लोक भाड्याने राहतात, अकरा महिन्यांच्या करारावर. वाघोली, हिंजवडी, चाकण उभं करणाऱ्यांचा सातबारा बीड, लातूर, यवतमाळ नाहीतर बिहारमधल्या कुठल्यातरी गावचा. 'इथला' जामीनदार त्यांनी आणायचा कुठून? तर तिथे बाजार तयार होतो. पैसे घेऊन जामीन राहणारे, खोटे सातबारे आणि खोटी आधार कार्डं घेऊन फिरणारे. अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या पुण्याच्या पेपरात अधूनमधून येतात. आता गंमत बघा. ज्याला आरोपी ओळखत नाही, जो आरोपीला ओळखत नाही, ज्याचं नावही बहुधा खोटं आहे, असा माणूस तारखेला हजेरीची हमी देणार! आणि ज्या बापाच्या शब्दाखातर पोरगा धावत आला असता, तो नांदेडच्या गाडीत. हजीरजामीन हवा होता, आपण मालजामिनाचे कागद मागत बसलो.

जामीन राहिलं तर नेमकं काय होतं

मला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर.

आरोपी तारखांना येत राहिला तर जामीनदाराला काहीही भरावं लागत नाही. खटला संपला की बंधपत्र संपतं. आरोपीला शिक्षा झाली तरी जामीनदारावर त्याचा काही बोजा नाही. तो आलाच नाही, तर कोर्ट आधी वॉरंट काढतं, बंधपत्र जप्त झाल्याचं नोंदवतं आणि जामीनदाराला नोटीस येते: रक्कम का वसूल करू नये याचं कारण सांगा. इथे तोंड उघडायची संधी असते. कारण पटलं तर कोर्ट रक्कम कमी करू शकतं. धोका कमाल किती, तर बंधपत्रावर लिहिलेली रक्कम. माझ्या बाबतीत पंधरा हजार. बाबांच्या पतसंस्थेसारखं व्याजावर व्याज चढत नाही.

आणि ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते: जामीनदाराला कधीही माघार घेता येते. 'मला यातून मोकळं करा' असा अर्ज द्यायचा. कोर्ट आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार आणायला सांगतं. याआधी किती जणांना जामीन राहिलात, हे मात्र प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. ती अट मला योग्य वाटते, धंदेवाईकांना तिथेच चाप बसतो.

हे सगळं समजल्यावर मी बाबांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरगा कसा आहे?" कायद्याच्या पुस्तकात जे चार पानांत आहे ते त्यांनी तीन शब्दांत विचारलं.

मुळं किती खोल

खरंच, एखादा परत येईल की नाही हे ओळखायचं कसं?

न्यूयॉर्कमध्ये १९६१साली व्हेरा फाउंडेशन या संस्थेने एक साधा प्रयोग केला. कायद्याचे विद्यार्थी कोठडीतल्या लोकांकडे गेले आणि प्रश्न विचारले. या शहरात किती वर्षं राहतोस? काम काय, कधीपासून? घरात कोण आहे? तुझ्याबद्दल सांगेल असं कोण आहे? मग फोन करून उत्तरं खरी आहेत का ते बघितलं, गुण दिले, आणि चांगले गुण मिळालेल्यांना एक पैसा न घेता सोडावं अशी शिफारस न्यायाधीशांना केली. तीन वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास लोक असे सुटले. न आलेले शंभरात दोनसुद्धा नव्हते. अमेरिकेतली १९६६ची जामीन सुधारणा याच अनुभवातून आली.

आपल्याकडे हेच प्रश्न १९७९मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी जवळजवळ यादी करून दिले. बिहारच्या तुरुंगांत लोक शिक्षेच्या कमाल मुदतीपेक्षाही जास्त काळ खटल्याविना पडून होते. भगवतींचं म्हणणं होतं की पैशाचा धाक हा हजेरीचा एकमेव मार्ग नाही. माणसाची समाजात मुळं असली, म्हणजे घर, काम, नातीगोती, ओळखदेख असली, तर त्याला जातमुचलक्यावर सोडा.

मुळं पाहायची तर कुणीतरी जाऊन पाहायला हवीत, हे ओघाने आलं. मुंबई-ठाण्याच्या तुरुंगांत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते वर्षानुवर्षं हे काम करतात: घरच्यांना शोधणं, कागद जमवणं, सुटल्यावर कामाला लावून देणं. न्यायाधीशांसमोर एका दिवसात ढिगाने प्रकरणं असतात, दोन मिनिटांत त्यांनी या पोराची मुळं कशी मोजायची? त्यांना दिसतो फक्त गुन्ह्याचा आकडा आणि पत्त्याची रिकामी ओळ. माझ्या मते जामीन सुधारणेचा पहिला रुपया अशा माणसांच्या पगारावर खर्च व्हायला हवा. यंत्रं नंतर.

यंत्रांबद्दल थोडक्यात. जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३मध्ये जामिनावरच्या आरोपीच्या पायाला जीपीएस कडं लावायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२४मध्ये, एका नायजेरियन नागरिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुगल मॅपवर सतत आपलं ठिकाण पोलिसांना दाखवत राहण्याची अट चालणार नाही असं सांगितलं. जामीन दिल्यावर माणूस मोकळा असायला हवा, खासगीपणा संपवणारी अट नको. अमेरिकेत न्यू जर्सीने २०१७पासून गणिती सूत्राने धोक्याचे गुण काढायला घेतले, इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३मध्ये पैशाचा जामीनच बंद केला. त्यांची गणितं त्यांना लखलाभ. आपल्या कामाची गोष्ट न्यूयॉर्कमधली दुसरीच आहे: तारखेची आठवण करून देणारे एसएमएस पाठवले तर गैरहजेरी सुमारे एक पंचमांशाने घटली. बरेच लोक पळालेले नसतात, विसरलेले असतात. किंवा घाबरलेले.

आतल्या दिवसांचा हिशोब

२०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी. शंभरातले पंचाहत्तरहून जास्त. येरवडा मध्यवर्ती कारागृहाची अधिकृत क्षमता अडीच हजारांच्या आसपास आहे आणि गेल्या काही वर्षांत आत सहा हजारांहून जास्त माणसं राहिली आहेत. गांधी-आंबेडकरांचा पुणे करार झाला ते हेच येरवडा, पण शाळेच्या पुस्तकातल्या त्या आंब्याच्या झाडाखालची जागा आणि आज बराकीत झोपायला मिळणारी जागा यांचा काही संबंध नाही.

कायद्याने या कच्च्या कैद्यांसाठी काही दारं ठेवली आहेत. पहिलं दार साठ-नव्वद दिवसांचं. पोलिसांनी मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला जामिनाचा पक्का हक्क मिळतो: दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवस, बाकीच्यांत साठ. याला डिफॉल्ट बेल म्हणतात. अर्ज वेळेत करावा लागतो, दोषारोपपत्र आधी पोहोचलं तर दार बंद. एल्गार परिषद प्रकरणात वकील-कार्यकर्त्या सुधा भारद्वाज याच दारातून बाहेर आल्या. तिथे दहशतवादविरोधी कायद्याखाली (युएपीए) मुदत वाढवता येत होती, पण पुण्याच्या ज्या न्यायालयाने ती वाढवली त्याला तो अधिकारच नव्हता, असं मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ला ठरवलं. तोवर त्यांचे तीन वर्षांहून जास्त दिवस आत गेले होते. त्याच प्रकरणातले वृद्ध पाद्री स्टॅन स्वामी जामिनाची वाट बघत जुलै २०२१मध्ये वारले.

दुसरं दार नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर जामीन, आणि आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांशावर. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे, ही चांगली गोष्ट. १ जुलै २०२४च्या आधीच्या प्रकरणांनाही ही सवलत मिळेल असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. पण त्यात एक पोटकलम असं आहे की एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले चालू असतील तर हा लाभ नाही. वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात तुरुंगात खितपत पडलेल्यांत भुरट्या चोऱ्यांचे तीन-तीन गुन्हे अंगावर असलेलेच जास्त सापडतात, आणि नेमके तेच वगळले गेले.

आमच्या भाच्याचा हिशोब केला तर तीन वर्षांचा तिसरा भाग म्हणजे एक वर्ष. तीन हजारांच्या जुन्या मोबाइलसाठी एक वर्ष आत, तेही खटला न चालता. याचा एक परिणाम बाहेर दिसत नाही. सात-आठ महिने झाले की आतला माणूस म्हणतो, 'गुन्हा कबूल करतो, भोगलेली शिक्षा धरा आणि सोडा.' कोर्टही बऱ्याचदा तसं करतं. केस निकाली निघते, पोरगा घरी जातो. केलं होतं की नव्हतं हे कुणी तपासलंच नाही, आणि नावापुढे गुन्हेगार लागलं ते लागलंच. पुढच्या वेळी 'पहिलाच गुन्हा' हा आधारही गेला.

मोक्का, अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, युएपीए यांचं जग निराळं आहे. तिथे मोक्का किंवा मनी लाँडरिंगमध्ये तर न्यायाधीशाला जामिनाच्या टप्प्यावरच 'हा दोषी नसावा' असं सकृद्दर्शनी वाटावं लागतं. कोयता घेऊन नाचणाऱ्या टोळ्यांना पुण्यात मोक्का लागतो तेव्हा त्या वस्तीतल्या लोकांना हायसं वाटतं, आणि मी त्यांना दोष देणार नाही. बायकोला मारणारा नवरा सुटून त्याच गल्लीत येतो तेव्हाही भीती खरी असते. म्हणूनच अटी असतात: फिर्यादीच्या जवळ जायचं नाही, तालुक्याच्या हद्दीत यायचं नाही, मोडल्या तर जामीन रद्द. माझा वाद अशा प्रकरणांबद्दल नाही. ज्याला सोडायचं असं न्यायाधीशाने ठरवलेलंच आहे, तो आत का?

मंजूर झाल्यानंतरचे दिवस

या 'का'ची दखल सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ला घेतली. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पाठवायचा. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिना उलटला तर कोर्टाने आपणहून अटी सैल करता येतात का ते बघायचं. आणि स्थानिक जामीनदाराच्या हट्टामुळे सुटका लांबते, म्हणून अशा प्रकरणांत ती अट घालू नये असंही सुचवलं. आदेश वेळेत पोहोचण्याचं महत्त्व आपल्याला २०२१मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाच्या जामीन पेटीने, म्हणजे सुटकेचे आदेश टाकायच्या पेटीने, शिकवलं होतं. एका बड्या अभिनेत्याच्या मुलाचा आदेश संध्याकाळच्या वेळेत पेटीत पडला नाही आणि त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. बड्यांची एक रात्र बातमी होते.

केंद्र सरकारने २०२३मध्ये गरीब कैद्यांसाठी योजनाही आणली, जामिनाच्या रकमेसाठी तेव्हा चाळीस हजारांपर्यंत मदत, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत. योजना चांगली, पण भाच्याला ती उपयोगी नव्हती. त्याला पैसे कमी पडत नव्हते, 'इथला' माणूस कमी पडत होता.

मग वकील मैत्रिणीने दोन रस्ते सांगितले. एक, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या असा अर्ज. कायद्यात त्याची सोय आहे, आणि बऱ्याचदा कोर्ट तात्पुरता रोख जामीन घेऊन काही आठवड्यांत जामीनदार आणायची मुभा देतं. दोन, लोकअभिरक्षक कार्यालय. कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. हे कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं, १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. काकांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. गावाकडून उसने आणलेले बारा हजार आधीच एका खासगी वकिलाकडे गेले होते.

अर्जाच्या भानगडीत आणखी आठवडा जाईल असं दिसल्यावर मी मिळकतकराची पावती, आधार आणि दोन फोटो घेऊन गेले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ओळखता का याला?" मी म्हटलं, मामाला आठ वर्षं ओळखते. त्यांनी सही केली. जामीन मंजूर झाल्याच्या सोळाव्या दिवशी संध्याकाळी भाचा बाहेर आला. सेंट्रिंगचं काम गेलं होतं, मुकादमाने दुसरा पोरगा लावला होता. आता तो आमच्या मागच्या साइटवर बिगारी म्हणून जातो.

दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी होती, दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत. दर सोमवारचा अर्धा खाडा. मी त्याच्या मोबाइलमध्ये ई-कोर्ट्सचं ॲप टाकून दिलं आणि केसचा सीएनआर नंबर, म्हणजे ओळखक्रमांक, भरला, म्हणजे तारीख स्वतःच बघता येते. हा मोबाइल नवा आहे, बिलासकट. बिल तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाकिटात ठेवतो.

पहिल्या तारखेला मीही गेले होते. साडेदहापासून बाकावर. पावणेपाचला पुकारा झाला, शिपायाने नाव चुकीचं उच्चारलं, तरी हा ताडकन उभा राहिला आणि गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला, "हजर!" दोन-तीन वकील हसले. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली.